चाळीसला चालू, ऐंशीला बंद

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. जुना लॅपटॉप सर्वर म्हणून कसा चालवायचा आणि त्याची बॅटरी कशी जपायची, हे अख्ख्या अनसिंगमध्ये एकाच माणसाला कळतं. तो माणूस म्हणजे मी! हे वाक्य मी गेल्या डिसेंबरात पानठेल्यावर ऐकवलं, विहारात ऐकवलं, बसस्टँडवर एका अनोळखी माणसालाही ऐकवलं. त्याची बस चुकली. पण ज्ञान मिळालं ना!

मी अमरदीप. वाशीमला एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक. सकाळी मोटरसायकलनं वाशीम, संध्याकाळी परत अनसिंग. घरी आई आहे, बायको रूपा आहे, रूपाची शिलाई मशीन आहे आणि माझा अकरा वर्षांचा लॅपटॉप आहे. तो विकायला नेला तर भंगारवाल्यानंही हात जोडले होते. पण टाकवेना. मग मी त्याला सर्वर केलं!

सर्वर म्हणजे काय, हे आईनंही विचारलं होतं. मी म्हटलं, "आई, पंगतीत वाढपी असते ना, तसा. सारा सैपाक याच्याजवळ. ज्याले जे पाह्यजे ते त्यानं मागाव, यानं वाढाव."

"मंग हा जेवते कवा?" आईनं विचारलं.

मी हसलो. हसायला नको होतं. पुढचं सगळं रामायण त्या एकाच प्रश्नावरून झालं.

आमच्या घराला लागून विहार आहे आणि विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका. पंधरा-वीस पोरंपोरी तिथं भरतीचा अभ्यास करतात. गावातलं नेट म्हणजे आलं तर आलं! म्हणून मी जुन्या प्रश्नपत्रिका, सराव परीक्षा, गणिताचे व्हिडिओ असं सगळं लॅपटॉपमध्ये भरलं आणि वायफायनं अभ्यासिकेत सोडलं. नेटची गरजच नाही. धम्मदीपा नावाची पोरगी म्हणाली, "दादा, तुमच्यापायी माही गणिताची भीती गेली." मी आठ दिवस जमिनीवर नव्हतो.

नवव्या दिवशी आईनं हाक मारली. "अमरदीप, हे तुह्यं यंत्र फुगलं रे बाप्पा!"

पाहतो तर काय! लॅपटॉपची बटणं मधून वर आली होती, तव्यावरची भाकर फुगते तशी. मी त्याला पोटाशी धरून वाशीमला नेलं. रिपेअरिंगवाल्यानं मागचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी लेकराला उपाशी ठेवलंय. खरं तर उलटंच झालं होतं.

"चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवला होता ना?"

"हो. सर्वर आहे तो."

"साहेब, तुम्हाला चोवीस तास ताटावर बसवलं तर तुमचं काय होईल?"

त्यानं नवी बॅटरी बसवली आणि बजावलं, "या मॉडेलची ही शेवटची. माझ्याकडं नाही आणि दुसरीकडंही मिळायची नाही. चाळीस टक्क्यांच्या खाली उतरू देऊ नका, ऐंशीच्या वर चढू देऊ नका. मग पाहा कशी टिकते ते."

नव्या लॅपटॉपांत म्हणे तशी सोयच असते, ऐंशीला आपोआप थांबायची. माझ्या लॅपटॉपच्या जन्माच्या वेळी ती सोय जन्मली नव्हती. बॅटरी काढून नुसता विजेवर चालवावा, तर आमच्याकडं लाइन दिवसातून दहा वेळा जाते. पोरांची सराव परीक्षा मध्येच खलास! म्हणजे बॅटरी पाहिजेच, आणि कोणीतरी चाळीसला पिन लावायला, ऐंशीला पिन काढायलाही पाहिजे.

ते काम मी रूपाला दिलं. तिची मशीन लॅपटॉपच्या शेजारीच आहे. दोन दिवस तिनं केलं. तिसऱ्या दिवशी, ऐंशी झाले का हे पाहता पाहता, शेजारच्या गोजराकाकूंच्या ब्लाउजची बाही उलटी बसली.

"आता मी तुमच्या लॅपटॉपले पाहू का मशीनले पाहू?" रूपा कडाडली. "अन उद्यापासून आईले सांगसान तर खबरदार!"

मी आईकडं पाहतच होतो. नजर वळवली. आणि वळवलेली नजर गेली थेट कोपऱ्यातल्या डब्यावर!

हा डबा म्हणजे शेतकऱ्यांचा मोबाइल ऑटो. वावरातल्या मोटरच्या स्टार्टरला जोडतात. आत सिमकार्ड असतं. घरून त्या नंबरला फोन लावायचा. एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. आतली बाई गोड आवाजात सांगते, "मोटर चालू झाली आहे." ज्याचा नंबर आत नोंदवला असेल त्याचंच ऐकते, दुसऱ्या कोणाला ओळख देत नाही. आमच्या वावरात नोव्हेंबरात सोलर पंप बसला, तेव्हापासून आमचा डबा रिकामा पडला होता.

तर माझी योजना अशी. डबा लॅपटॉपच्या चार्जरला जोडायचा. चाळीस झाले की लॅपटॉप त्याला खोचलेल्या सिमच्या डोंगलवरून मला मेसेज पाठवेल, नेट असो वा नसो. मी वाशीमच्या ऑफिसातून एक दाबेन, चार्जिंग सुरू! ऐंशीला पुन्हा मेसेज. दोन दाबेन, चार्जिंग बंद! संध्याकाळी मी घरी असलो की आहेच हातानं पिन. रात्री अभ्यासिका बंद, लॅपटॉपही बंद. सांगा, आहे का असं डोकं दुसऱ्या कोणाचं!

आता जगदेव काकांबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर माझं पाप तुम्हाला नीट कळायचं नाही.

जगदेव काका आमचे भिंतीपलीकडचे शेजारी. माझ्या लिपिकाच्या परीक्षेच्या दिवशी अनसिंगहून एकही गाडी मिळेना. ऐन पेरणीचे दिवस. काका ट्रॅक्टर घेऊन वावरात निघाले होते, मागे बियाण्याच्या थैल्या. मी रस्त्यावर रडकुंडीला आलेला. त्यांनी विचारलं, "पेपर किती वाजता हाये?" मी म्हटलं, "अकरा." काकांनी ट्रॅक्टर वळवला आणि मला थेट वाशीमच्या परीक्षा केंद्रावर नेऊन सोडलं! गेटवरच्या शिपायाला वाटलं, हा इथं पेरायला आलाय. त्या दिवशी काकांची पेरणी राहिली आणि रात्री पाऊस येऊन आठ दिवस वाफसा झाला नाही, म्हणजे जमीन पेरणीजोगी सुकलीच नाही. त्यावरून एक शब्द बोलले नाहीत. आज मी जी खुर्ची उबवतो, तिचा एक पाय काकांनी धरलेला आहे, हे मी कधी विसरलो नाही.

तर त्या काकांचा त्याच डिसेंबरात पाय मोडला. धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून घसरले आणि गुडघ्याखाली दोन ठिकाणी हाड गेलं. दीड महिन्याचं प्लास्टर! वावरात चार एकर हरभरा उभा, कोपऱ्यात एकरभर गहू, आणि काका ओट्यावर खाटेवर आडवे. गोजराकाकू एकट्या किती धावणार? काकांचा सगळा भरवसा मोबाइल ऑटोवर. आणि ऑक्टोबरात पडलेल्या विजेनं नेमका त्यांचा आणि आमचा, दोन्ही डबे बिघडवलेले! हे डबे काकांनी आणि मी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच रंगाचे घेतले होते.

मी म्हटलं, "काका, तुमी फक्त पडून राहा. मी दोन्ही डबे दुरुस्त करून आणतो. तुमचा मी सोता विहिरीवर बसवून देतो!"

"तुले जमन का?" काका म्हणाले.

"काका! मी सर्वर चालवतो!"

दुरुस्त झालेले डबे मी एकाच पिशवीतून आणले. रिपेअरिंगवाल्यानं त्यांच्यावर खडूनं काहीतरी खरडून ठेवलं होतं. मला घाण दिसली. काकांना वस्तू कशी चकाचक द्यावी! मी ओला फडका घेऊन दोन्ही डबे असे पुसले की आरशासारखे झाले. खडू पार गेला. मग एक डबा विहिरीवर बसवला, एक लॅपटॉपला जोडला. कोणता कुठं? अहो, मला काय समजत नाही का!

रविवारी दोन्हींचं एकदमच उद्घाटन ठरवलं. काकू विहिरीपाशी, रूपा लॅपटॉपपाशी, काका खाटेवर फोन घेऊन आणि मी भिंतीपाशी. मी म्हटलं, "काका, तीन म्हटलं की तुमी तुमची मोटर चालू करा, मी माह्या लॅपटॉपची करतो. एक, दोन, तीन!"

दोघांनी एकदम फोन लावला. दोघांनी एक दाबलं. बाई दोघांनाही म्हणाली, "मोटर चालू झाली आहे."

"लाइट लागला!" आतून रूपा ओरडली.

तेवढ्यात शेजारच्या वावरातल्या भागवतच्या फोनवरून गोजराकाकूंचा आवाज आला, "पानी आलं वं माय! धो धो आलं!"

मग दोघांनी एकदम दोन दाबलं. लाइट गेला. पाणी थांबलं. काकांनी खाटेवरूनच माझी पाठ थोपटली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "लेका, तू नसता तर माह्या हरभऱ्याचं काई खरं नव्हतं." मी म्हटलं, "काका, तुमच्या ट्रॅक्टरची फेड थोडीच होते?" मला खरोखर भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझं राज्य सुरू झालं! ऑफिसात फाइल समोर, मोबाइल टेबलावर. टिंग! 'बॅटरी चाळीस.' मी फोन लावायचो, ऐटीत एक दाबायचो. सव्वा तासानं टिंग! 'बॅटरी ऐंशी.' दोन दाबायचो. शेजारच्या टेबलावरच्या सुकेशनी मॅडम म्हणाल्या, "वावरातली मोटर का हो?" मी म्हटलं, "सर्वर, मॅडम, सर्वर!"

पहिले दोन दिवस जरा गडबड झाली. बॅटरी एकदा एकतीसपर्यंत उतरली, एकदा पंच्याण्णववर चढली. पण तिसऱ्या दिवसापासून जी लायनीवर आली, ती आलीच. पंधरवड्यानंतर तर एक चमत्कार घडला. कधी कधी दोन-दोन दिवस मेसेजच यायचा नाही! घरी येऊन पाहावं तर बॅटरी साठ-पासष्टवर, मजेत. मी रूपाला म्हटलं, "पाह्यलं? बॅटरी आता शहाणी झाली. तिले सवय लागली आपोआप राहाची!"

रूपा मशीनवर खाली मान घालून शिवत होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, पायडल जोरात मारतेय.

रोज संध्याकाळी मी काकांच्या खाटेपाशी बसून त्यांना बॅटरीचं शास्त्र समजावून सांगायचो. चाळीस काय, ऐंशी काय, उष्णतेनं काय होतं, सगळं. काका मन लावून ऐकायचे. मध्येच विचारायचे, "मंग ऐंशीचे पंच्याऐंशी झाले तर लयच बिघडते का?" मी म्हणायचो, "काका, शिस्त म्हंजे शिस्त!" काका म्हणायचे, "हाव बाप्पा, शिस्त पाह्यजेच." असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता.

हरभरा फुलावर आला. आणि जानेवारीतल्या त्या गुरुवारी काकांचं प्लास्टर कापायची तारीख आली.

सकाळीच ऑटोरिक्षा करून काका, काकू आणि कागदपत्रं सांभाळायला रूपा वाशीमच्या दवाखान्यात गेले. मी ऑफिसात. पावणेअकराला टिंग! 'बॅटरी चाळीस.' मी एक दाबलं. "मोटर चालू झाली आहे." छान.

अर्ध्या तासानं टिंग! 'बॅटरी पस्तीस.'

आं? मी पुन्हा फोन लावला. "मोटर आधीच चालू आहे," बाई म्हणाली. मग उतरते कशी? पावणेबाराला तीस. सव्वाबाराला पंचवीस. मी दर वेळी फोन लावतोय, बाई दर वेळी तेच सांगतेय. शेवटी मी बाईशी भांडलो! "अवो बाई, चालू आहे तर चढत काहून नाही?" सुकेशनी मॅडमनी खुर्ची थोडी लांब सरकवली.

रूपाला फोन केला, उचलेना. काकांना केला, बंद. आईचा नुसता वाजतोय. डोळ्यांसमोर एकच वाक्य: 'या मॉडेलची ही शेवटची.' बॅटरी अठरावर आली तसा मी साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो.

"सर, मला आत्ताच्या आत्ता घरी जावं लागेल!"

"काय झालं?"

"सर, अठरा टक्केच राहिले!"

साहेबांनी चष्मा काढला. "अठरा टक्के? आणि डॉक्टर काय म्हणतात?"

माझ्या डोक्यात तो रिपेअरिंगवालाच. मी म्हटलं, "ते म्हणाले, शून्यावर गेलं तर परत येईलच असं नाही. आधी एकदा फुगून झालंय, सर. आत नवीन बसवलंय, पण तेही शेवटचंच."

साहेब उभेच राहिले. "वय काय?"

"अकरा वर्षं, सर."

"अरेरे! मग तुम्ही इथं कसे थांबलात? निघा! अर्ज नंतर!" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. काहीतरी घोटाळा होतोय हे माझ्या लक्षात आलं, पण खुलासा करेपर्यंत आणखी दोन टक्के गेले असते. मी निघालो.

मोटरसायकल कशी चालवली ते विचारू नका. घरी पोचलो तर लॅपटॉप काळाठिक्कर. डब्याचा दिवा विझलेला. अभ्यासिकेतली पोरं दारात उभी, सराव परीक्षा अर्ध्यात मेलेली. धम्मदीपा म्हणाली, "दादा, माह्ये फक्त सात प्रश्न राह्यले होते!" आई मागच्या अंगणात उन्हात बसून तूर निवडत होती, फोन आत ठेवून. मी डबा बाजूला केला आणि चार्जरची पिन सरळ भिंतीत खुपसली. दहा मिनिटांनी लॅपटॉपनं डोळा उघडला. हुश्श!

तेवढ्यात भागवत धापा टाकत आला. "अमरदीप! जगदेवभाऊची मोटर सकाळपासून चालूच हाये! पानी धुरा फोडून माह्या तुरीत घुसून राह्यलं! भाऊ फोनच उचलत नाई!"

चार एकर हरभरा, ऐन फुलावर! अशा वेळी पाणी जास्त झालं तर फूल गळून पडतं, घाटे धरतच नाहीत, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. दीड महिना खाटेवर पडून काकांनी जे जपलं, ते आज दवाखान्यातून येईपर्यंत वाहून जाणार! मी भागवतला मागं बसवलं आणि वावर गाठलं.

स्टार्टरचं लाल बटण दाबलं. मोटर थांबली. मी घाम पुसला आणि भागवतला म्हटलं, "आज दोन्ही डबे बिघडले पाह्य! काकाचा बंद होत नाही, माहा चालू होत नाही. थांब, माहा सुधारला का पाहतो." आणि तिथंच, विहिरीपाशी उभं राहून, मी माझ्या लॅपटॉपला फोन लावला. एक दाबलं.

समोरच्या डब्यात खट् झालं. काकांची मोटर सुरू झाली.

मी दोन दाबलं. मोटर बंद. मी एक दाबलं. मोटर चालू. दोन. बंद.

"काय खेळून राह्यला बे?" भागवत वैतागला.

मी तिथंच पाटाच्या चिखलात बसलो. पँट ऑफिसची होती, तिचंही भान नव्हतं. खडूनं खरडलेली ती दोन अक्षरं, तो ओला फडका, ते एक-दोन-तीन, सगळं एकदम आठवलं. म्हणजे दीड महिना मी ऑफिसात बसून काकांच्या हरभऱ्यात पाणी सोडत होतो! ज्या माणसानं माझ्यासाठी आपली पेरणी सोडली, त्याचं उभं पीक मी एका बोटानं बुडवलं. हरभऱ्याकडं मान वर करून पाहायची माझी हिंमतच झाली नाही. तसाच घरी आलो.

पाच वाजता ऑटो आला. काका काठी टेकत, लंगडत, पण स्वतःच्या पायावर उतरले. मी त्यांच्या ओट्यावर बसलेलो, चिखलानं माखलेला. त्यांना पाहिलं आणि माझा बांधच फुटला.

"काका, मले माफ करा! मी डबे अदलाबदल केले! तुमच्या मोटरवर माहा डबा बसला! हरभरा... काका, मी तुमचा हरभरा खाल्ला!"

काका खाटेवर बसले. काठी भिंतीला लावली. आणि शांतपणे म्हणाले, "मले माहीत हाये."

"काय माहीत हाये?"

"डबे बदलले ते. तिसऱ्याच दिवशी समजलं. मी एक दाबलं, बाई म्हने मोटर चालू झाली. गोजरा वावरातून सांगे पानी नाई. अन भिंतीपलीकडून रूपा वरडली, 'काका, लॅपटॉपचा लाइट लागला!' मी दोन दाबलं. लाइट गेला. मंग आमी दोघंही हासलो."

मी रूपाकडं पाहिलं. रूपा आभाळाकडं पाहत होती.

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"कवा सांगू?" रूपा म्हणाली. "घरी आल्यापासून झोपेलोक तुमी बॅटरी कशी जपाव हेच सांगत होते. मंधात बोलाले जागा तर पाह्यजे!"

"अन पानी? हरभऱ्याचं पानी कसं केलं मंग?"

काकांनी मोबाइल काढून दाखवला. त्याच्यावर माझ्या सर्वरचं पान, वर मोठ्ठे टक्के. रूपानं लावून दिलेलं. "तूच केलं ना बाप्पा! तुले चाळीसचा मेसेज आला की तू एक दाबतं. म्हंजे माही मोटर चालू. मले पानी पाह्यजे असलं की मी तुह्या लॅपटॉपले चाळीसवर येऊ देओ. तू तिकून माही मोटर चालू करे, मी इकून तुह्याले चार्जिंगले लावो. सव्वा घंट्यात ऐंशी होये, तू मोटर बंद करे. माह्यं एक पानी झालं! अन पानी नको असलं, की पंचेचाळीसच्या खाली मी त्याले उतरूच देत नसो. तुले मेसेजच जात नसे."

म्हणजे माझी शहाणी बॅटरी!

"पण काका, भागवतले सांगून डबे बदलून घ्याचे होते!"

"घेतले असते." काका पायावरून हात फिरवत म्हणाले. "पण उद्घाटनाच्या दिवशी तुह्यं तोंड पाह्यलं होतं मी. काय खुशीत होता तू! अन खरं सांगू? प्लास्टरमंधी पडून पडून जीव विटला होता, बापू. या टक्क्यापायी दिस जाये. सकाळी उठलं की वाटे, चला, आपल्याले काई काम हाये."

दीड महिना मी या माणसाला बॅटरीचं शास्त्र शिकवत होतो!

"पण आज?" मी कसंबसं विचारलं. "आज चार घंटे पानी चाललं, काका. फुलावर."

आता गोजराकाकू पुढं आल्या. "फुलावर कायचं? मी भल्या पहाटे जाऊन कॉक गव्हाकडे फिरवून आली होती. गव्हाले पानी पाह्यजेच होतं. हे दवाखान्यात, फोन बंद, रूपा दवाखान्यात. तुह्या एकट्याच्या भरवशावर कोन हरभरा सोडन रे!"

मी उठलो आणि काकूंच्या पाया पडलो. चिखलाच्या पँटीसकट. काकू म्हणाल्या, "दूर हो, लुगडं भरन!" पण डोक्यावर हात ठेवलाच. भागवतच्या तुरीत शिरलेलं पाणी मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून फावड्यानं चर काढून बाहेर केलं. त्याची तूर वाचली. माझे तळहात गेले.

सोमवारी साहेबांनी दाराशीच गाठलं. "कसं आहे आता?" मी म्हटलं, "बरं आहे सर, आमच्या काकांमुळं वाचलं." साहेबांनी चिकूंची पिशवी हातात दिली, म्हणाले, "लेकराला द्या." खुलासा करायचा होता. आईशपथ करायचा होता. पण त्यांचा आवाज इतका हळवा होता की धीर झाला नाही. चिकू काकांनी खाल्ले. मला वाटतं, ते बरोबर माणसाच्या पोटात गेले.

मग रूपानं दोन्ही डबे स्वतः बदलले आणि काकांच्या डब्यावर लाल नेलपॉलिशनं भला मोठा ठिपका दिला. मला म्हणाली, "आता फडका घेऊन जवळ तर या!" त्यानंतरचा दिवस हा माझ्या आयुष्यातला पहिलाच दिवस, की माझ्या फोननं माझा लॅपटॉप खरोखर चार्जिंगला लागला. चाळीसला बरोबर एक दाबलं. ऐंशीचा मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. विसरलो. दुपारी काकांचा फोन, "अबे, शंभर झाले ना! शिस्त म्हंजे शिस्त, नाई का?"

परवा तो रिपेअरिंगवाला लॅपटॉप तपासून म्हणाला, "वा! बॅटरीची तब्येत सत्त्याण्णव टक्के. इतकी कोणी जपत नाही, साहेब." धम्मदीपाचा पहिला निकाल लागलाय, गणितात सगळ्यांत पुढं. काकांच्या हरभऱ्याला या वर्षी घाटे असे लागलेत की फांदी खाली टेकते. आणि काका अजूनही संध्याकाळी माझ्याकडून बॅटरीचं शास्त्र ऐकून घेतात, तेवढ्याच मन लावून. असा शेजारी मिळायला नशीब लागतं, आणि ते मला फुकटात मिळालंय.

लॅपटॉपचा डबाही झकास चालू आहे. त्यात दोन नंबर नोंदवता येतात. पहिला काकांचा टाकलाय. दुसरा रूपाचा.

माझा? मला मेसेज येतो ना!